रुस्तमच्या गळ्यातल्या रेघा

हे जग तयार झाल्यावर तपासणीसाठी माझ्या मामेसासऱ्यांकडे आलं असतं, तर त्यांनी ते तसंच परत पाठवलं असतं. खाली शेरा मारला असता, की काम ठीक आहे, पण एकाही वस्तूवर नंबर घातलेला नाही. त्यांची सगळी नोकरी भूमापन खात्यात गेली होती. जमीन मोजायची, तिला नंबर द्यायचा, चारी बाजूंना काय काय आहे ती चतुःसीमा लिहायची आणि दफ्तरात मालकाचं नाव चढवायचं. निवृत्त झाल्यावर जमिनी हातातून गेल्या, पण सवय गेली नाही. मलकपेठेत रेसकोर्सच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर होतं, आणि त्या घरात नाव किंवा नंबर नसलेली वस्तू शोधायला पाहुण्याला बराच वेळ लागत असे. स्टीलच्या भांड्यांवर नावं घालायचं छोटं यंत्र त्यांनी स्वतःच आणून ठेवलं होतं. ताटं, वाट्या, पळ्या झाल्या, मग खिडक्यांचे गज, कुलपं, नारळ खवायची विळी. चपलांवर तर नावाखाली ‘डावी’ आणि ‘उजवी’ असंही कोरलेलं असे. छत्रीच्या दांड्यावर त्यांनी बारीक अक्षरात लिहून ठेवलं होतं, ‘सापडल्यास वरील पत्त्यावर आणून द्यावी, न सापडल्यास तसे कळवावे.’ हे दुसरं वाक्य कोणी वाचायचं, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, “जावईबापू, सूचना पूर्ण असावी. वाचणारा भेटतो की नाही, ते पुढचं.” मामी म्हणजे माझ्या मामेसासूबाई शांतपणे भाजी निवडत म्हणाल्या, “घरात आता माझ्यावरच नंबर घालायचा राहिलाय. घातला असता, पण मी हरवत नाही हे त्यांना मालूम आहे.”

मी त्यांच्या भाचीशी लग्न करून या घरात पहिल्यांदा गेलो, तेव्हा माझं शिक्षण, पगार, गाव यांतलं काहीही त्यांनी विचारलं नाही. मी जामबागेत कॉलेजात शिकवतो, एवढं त्यांना कुणीतरी आधी सांगितलं होतं. त्यांनी मला उजेडात उभं केलं, चष्मा वर केला आणि विचारलं, “अंगावर ओळखीची खूण काय?” मी गोंधळून डाव्या भुवईवरचा तीळ दाखवला. तो त्यांनी नीट पाहिला आणि माझ्या बायकोकडे वळून म्हणाले, “ठीक आहे. हरवले तर सापडतील.” आमच्या लग्नाला त्या घराकडून मिळालेला हाच आशीर्वाद. पुढे मीही त्यांना मामाच म्हणू लागलो.

या नोंदवलेल्या घरात एकच जीव बिननोंदीचा आला, तो म्हणजे रुस्तम. मामांची एकुलती एक मुलगी वैशाली कोठीला कॉलेजात होती. एक दिवस तिनं लुनाच्या पुढच्या टोपलीत टॉवेलात गुंडाळून ते पिल्लू आणलं. मामांनी ‘हे इथं नक्को’ म्हणून साफ सांगितलं, आणि आठवडाभरात टेप घेऊन त्याची नाकापासून शेपटीपर्यंत लांबी मोजली. नाव वैशालीनं ठेवलं होतं. कुत्र्यानं त्या नावाला कधी धक्का लावला नाही, कारण त्याच्या आसपासही तो फिरकला नाही. कुकरची शिट्टी झाली की रुस्तम पाण्याच्या पिंपामागे जाऊन बसे. मांजर दिसलं तर तो दुसरीकडे बघत असे, जणू आपण तिथं नाहीच. त्यात त्याला दिशा कळत नसे. सकाळी फाटकातून बाहेर पडला, की परत येताना हमखास दोन घरं पलीकडच्या फाटकाशी उभा राहून ‘दार उघडा’ म्हणून भुंकत असे. त्या घरच्या बाई त्याला कानाला धरून आणून सोडत. आयुष्यभर लोकांच्या हद्दी ठरवून दिलेल्या माणसाच्या घरी स्वतःची हद्द न कळणारं कुत्रं यावं, याचं मामांना फार वाईट वाटे. त्यांनी पितळेचा बिल्ला करून त्यावर पूर्ण पत्ता चतुःसीमेसकट कोरला. तो एवढा मोठा झाला, की गळ्यात घातल्यावर रुस्तमचं डोकं खाली झुकलं आणि तो दिवसभर जमिनीकडे बघत बसला. मामींनी संध्याकाळी तो काढला आणि डब्यावर झाकण म्हणून ठेवला.

तेव्हा बाजारात सगळंच नवीन येत होतं. टीव्हीवर मोजता येणार नाहीत एवढी चॅनेलं, गल्लीगल्लीत परदेशी फोन लावायचे बूथ, अमीरपेठेत कॉम्प्युटर शिकवणाऱ्यांच्या पाट्यांवर पाट्या. मलकपेठेच्या मोठ्या रस्त्यावर काचेचं दार आणि आत गारवा असलेलं दुकान उघडलं. आपणच टोपली घेऊन हिंडायचं, वस्तू उचलायच्या आणि दाराशी बसलेल्या मुलीपुढे ठेवायच्या. मामी एक साबण आणायला म्हणून मामांना घेऊन गेल्या आणि साबण घेऊन एकट्याच परत आल्या. मामा तिथंच थांबले होते. त्या मुलीच्या हातातला लाल उजेड वस्तूवरच्या काळ्या रेघांवरून फिरला, की यंत्र टुण्‌ करून वाजे आणि पडद्यावर नाव उमटे. मामा गिऱ्हाइकांच्या रांगेला अडथळा होणार नाही अशा बेतानं कडेला उभे राहून हे बघत राहिले. घरी आल्यावर त्यांनी वैशालीला विचारलं, “साबणाचं नाव त्या रेघांत असतं काय?”

वैशाली तोवर कॉम्प्युटर शिकून अमेरिकेच्या व्हिसाची वाट बघत होती. ती म्हणाली, “नाही बाबा. रेघांत फक्त नंबर असतो. नाव कॉम्प्युटरमध्ये.”

मामा उठून उभे राहिले. “म्हणजे आमच्यासारखंच की. जमिनीवर कुठं मालकाचं नाव लिहिलेलं असतं? नंबर जमिनीला, नाव दफ्तरात.” आपलं सगळं आयुष्य या लाल उजेडानं बरोबर ठरवलं, असा त्यांचा चेहरा झाला होता.

त्यानंतरचे दोन-तीन महिने बापलेक एकाच टेबलाशी बसलेले मी पाहिले. त्याआधी ते दृश्य त्या घरात फारसं नव्हतं. मामा मुलीशी बोलत ते बहुतेक सूचनाच असत आणि वैशाली त्यांना उत्तर देई ते मान हलवून. आता दोघं हुज्जत घालत, चहा गार करत. वैशालीनं त्यांना कॉम्प्युटरवर एक छोटा प्रोग्रॅम लिहून दिला, रुस्तमसाठी एक नंबर तयार केला, त्याच्या रेघा छापून आणल्या. मामांना त्या पितळेवर कोरायच्या होत्या, पण चकचकीत पितळेवर लाल उजेड गडबडतो असं निघालं. शेवटी कागदाचा बोटभर तुकडा प्लास्टिकमध्ये चिकटवून गळपट्ट्याला लावला. रुस्तमनं तो मुकाट्यानं घालून घेतला. आपल्या घरात यापेक्षा वाईट होऊ शकतं, हे त्याला माहीत होतं.

तपासणीसाठी मामा त्याला घेऊन त्या काचेच्या दाराच्या दुकानात गेले, आणि सोबत मला नेलं. दाराशी पहारेकरी म्हणाला, “कुत्ते को अंदर नक्को लाओ साब.” मामा म्हणाले, “खरीदी को नहीं लाया. तपासणी है.” हा शब्द त्यानं बहुधा सरकारी समजून बाजूला होऊन वाट दिली. मुलीनं घाबरत घाबरत रुस्तमच्या मानेवर लाल उजेड टाकला. यंत्र वाजलं, पण पडद्यावर काही आलं नाही. ती नम्रपणे म्हणाली, “सार, ये आयटम हमारे पास नै है.”

“तुमच्याकडं नाही, माझ्याकडं आहे,” मामा मराठीतच म्हणाले. “तेच तर तुम्हाला कळायला पाहिजे.”

तिथं त्यांना आपल्या योजनेतली खरी अडचण दिसली. नाव त्यांच्या दफ्तरात होतं आणि वाचायचं यंत्र दुसऱ्याच्या दुकानात. हरवलेलं कुत्रं ज्या दुकानासमोर नेलं जाईल, त्या दुकानाला आधी ते माहीत असायला हवं. दुसरा कुणी असता तर त्यानं कागदामागे फोन नंबर लिहून विषय मिटवला असता. मामींनी तसं सुचवलंही. मामांना ते पटलं नाही. “फोन नंबर कोणीही पुसून टाकील. नोंद पुसता येत नाही.” मग माझ्या स्कूटरच्या मागच्या सीटवर बसून त्यांनी मलकपेठ, कोठी, जामबाग, अंबरपेठ पालथं घातलं. जिथं जिथं ते लाल उजेडाचं यंत्र आल्याचं कानावर येई, तिथं ते आत जात आणि मालकाला आपली विनंती समजावून सांगत. कोणी हसून चहा पाजला, कोणी कामात आहे म्हणून सांगितलं, एकानं आमच्याकडे कुत्र्यांचं खाणं मिळतं, कुत्री मिळत नाहीत म्हणून परत पाठवलं. अंबरपेठेत मात्र एका नव्या दुकानाचा तेलुगू मालक निघाला, ज्याच्या दुकानात अजून गिऱ्हाईक कमी आणि त्याला वेळ भरपूर होता. त्यानं मामांना खुर्ची दिली, सगळं ऐकलं आणि रुस्तमला आपल्या मालाच्या यादीत घालायला तयार झाला. मामांनी लिहून दिलेलं मालकाचं नाव आणि फोन नंबर त्यानं यंत्रात घातला. तेवढ्यात त्याचा हात थांबला. “सार, कीमत क्या डालूं? कीमत बगैर मशीन आगे नै जाता.”

मामांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, “एक रुपया घाला. नाममात्र.” परत येताना स्कूटरवर ते मला दोनदा म्हणाले, की ही किंमत वैशालीला सांगू नका.

थोड्याच दिवसांत वैशालीचा व्हिसा आला. विमानतळावर जाण्याआधी ती रुस्तमच्या गळ्यात हात टाकून पिंपामागे कितीतरी वेळ बसली होती. मामींच्या गळ्यात पडून रडली. मग मामांच्या पाया पडली. ती म्हणाली, “बाबा, रुस्तमला सांभाळा.” मामा म्हणाले, “नोंद आहे त्याची.”

पुढे दर रविवारी सकाळी तिचा फोन येई. परदेशातला फोन महाग, म्हणून बोलणं थोडकं. मामा फोन उचलत आणि तिचा पहिला प्रश्न ठरलेला असे, “रुस्तम कसा आहे?” मामा सविस्तर सांगत. मी एक-दोनदा तिथं होतो, तेव्हा हळूहळू माझ्या लक्षात आलं, की ही बातमी सगळी कुत्र्याची नाही. रुस्तम दोन दिवस नीट जेवला नाही, असं मामा सांगत तेव्हा रुस्तम माझ्यासमोर ताटली चाटत असे आणि मामांच्या ताटात पोळी तशीच पडलेली असे. रुस्तमचा गुडघा दुखतोय, रुस्तमला दुपारी झोप येत नाही, रुस्तम संध्याकाळी उगीच फाटकापर्यंत जाऊन येतो. वैशाली तिकडून सांगे, “त्याला म्हणावं, काळजी घे.” मामा फोन ठेवत आणि रुस्तमकडे बघून म्हणत, “ऐकलंस?”

दिवाळीत गल्लीत कोणीतरी फटाक्यांची मोठी माळ लावली. फाटक फराळाला आलेल्या पाहुण्यांनी उघडं ठेवलं होतं. कुकरच्या शिट्टीला घाबरणारा रुस्तम त्या आवाजानं उठला आणि कोणाच्या हाती लागायच्या आत रेसकोर्सच्या भिंतीच्या दिशेनं पळाला, तो परत आला नाही. दोन घरं पलीकडच्या फाटकाशीही आला नाही. मी आणि मामा रोज संध्याकाळी स्कूटरवरून हिंडलो. मामांनी पत्रकं छापून घेतली. त्यांत कुत्र्याचं वर्णन होतं तसं मीही कधी वाचलं नाही: पूर्वेस पांढरा पाय, पश्चिमेस तुटका कान, उत्तरेस काळं नाक. मला हसू आलं, पण त्यांच्याकडे बघून ते तिथंच विरलं. त्यांनी दाढी केलेली नव्हती आणि दोन्ही पायांत डावीच चप्पल होती.

रविवारी फोन वाजला तेव्हा मी तिथं होतो. मामींनी आधीच बजावलं होतं, “झोपलाय म्हणून सांगा. पोरगी एकटी आहे तिकडं, परेशान होईल.” मामांनी फोन उचलला. पलीकडून नेहमीचा प्रश्न आला असावा, कारण त्यांनी वळून पिंपामागे पाहिलं. या माणसानं कोणाची वीतभर जमीनही कधी इकडची तिकडे लिहिली नव्हती. शेवटी ते म्हणाले, “रुस्तम बाहेर गेलाय.”

वैशाली हसल्याचं मलाही ऐकू आलं. “एकटाच? शहाणा झाला की.”

“हौ,” मामा म्हणाले. मग त्यांनी फोन मामींकडे दिला आणि पिंपाजवळच्या पायरीवर जाऊन बसले. मी शेजारी बसलो. ते म्हणाले, “तिनं जाताना एवढी एकच गोष्ट माझ्या ताब्यात दिली होती, जावईबापू.”

त्याच आठवड्यात, दुपारी, अंबरपेठेहून फोन आला. दुकानाचा तो मालक होता. मी योगायोगानं कॉलेजातून लवकर सुटून तिकडे गेलो होतो. मामांनी फोन कानाला लावला. पडद्यावर जे नाव आलं होतं ते वाचून तो विचारत होता, “साब, ये वैशाली का घर है क्या?” मामांनी मोकळ्या दाराकडे पाहिलं, तिच्या बंद खोलीकडे पाहिलं आणि म्हणाले, “हौ. वैशाली का घरच है ये.”

आम्ही गेलो तेव्हा रुस्तम दुकानाच्या पायरीवर एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या पायांशी पडला होता. मामांना बघून त्यानं शेपटी हलवली, मामांच्या हातात तोंड घातलं आणि पुन्हा त्या गृहस्थांपाशी जाऊन बसला. दोन्हीकडे हद्द सारखीच, अशा थाटात. ते गृहस्थ रेल्वेतून निवृत्त झालेले, त्याच गल्लीत एकटेच राहणारे. दिवाळीपासून कुत्रं त्यांच्याकडेच होतं. ते त्याला राजू म्हणत होते. मामांचा खात्यातला आवाज परत आला. “इतने दिन क्यों नहीं आए? पट्ट्यावर रेघा होत्या, दिसल्या नाहीत?”

ते गृहस्थ रुस्तमच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, “दिखे साब. लकीरां दिखे, तो समझ में आया, किसका तो बी है. इसीलिए नै आया.” मग त्याच्या कानामागे खाजवत ते म्हणाले, “फिर ये रोज शाम को दरवाजे में जा को बैठने लगा. तो ले को आया.”

दुकानाच्या मालकानं चहा मागवला. तिघं वडीलधारी माणसं आणि मी, असे आम्ही पायरीवर बसून चहा प्यायलो. निघताना मामांनी पट्टा हातात घेतला, दोन पावलं टाकली आणि मागे वळून विचारलं, “गुरुवार को घर में रहते क्या?” तेव्हापासून दर गुरुवारी मामा रुस्तमला ऑटोत घालून अंबरपेठेला नेऊ लागले. मामींनी कारण विचारलं तर म्हणत, “कुत्र्याला दोन्ही पत्ते पाठ पाहिजेत.” परत येताना त्यांच्या खिशात त्या गृहस्थांनी दिलेली, वर्तमानपत्रात बांधलेली मुरुक्कूची, म्हणजे तिकडच्या चकलीची, पुडी असे, आणि ऑटोवाल्यालाही त्यातला वाटा मिळे.

पुढच्या रविवारी फोन वाजला तेव्हा मामांनी प्रश्नाची वाट पाहिली नाही. सगळं पहिल्यापासून सांगितलं. माळ, फाटक, पत्रकं, अंबरपेठ, पडद्यावर उमटलेलं तिचं नाव. एक रुपयाही सांगून टाकला. मग वैशालीनं काहीतरी विचारलं आणि मामा गोंधळले. रिसीव्हर एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. “मी?” ते म्हणाले. “मी कुठं जातोय. मी इथंच आहे.” फोन संपल्यावर त्यांनी मला सांगितलं, “तिनं विचारलं, बाबा, तुम्ही कसे आहात.” आणि हे उत्तर बरोबर गेलं की नाही, असं ते माझ्याकडे बघत राहिले.

वैशाली आली ती तीन-चार वर्षांनी. तोवर मी कर्ज काढून एक जुनी मारुती घेतली होती. तिला आणायला बेगमपेठ विमानतळावर आम्ही गेलो. ती बदलली होती. केस कापलेले, अंगाला तिकडच्या अनोळखी साबणाचा वास. परत येताना ती आणि मामी मागे बसून बोलत होत्या. मामा माझ्या शेजारी, तिची पर्स मांडीवर सांभाळत. रुस्तम आता म्हातारा झाला होता. डोळ्यांत फूल पडलं होतं, ऐकू कमी येई, आणि अलीकडे तर घरातल्या माणसांनाही तो हुंगून हुंगून ओळखायचा. तो वैशालीला ओळखेल की नाही, याच विचारात मामा सकाळपासून होते, हे मला तेव्हा कळलं, जेव्हा त्यांनी मागे बघत हळूच खिशातून पुडी काढली आणि रुस्तमच्या आवडीच्या उस्मानिया बिस्किटांचे दोन तुकडे पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात सरकवले. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते म्हणाले, “रस्त्याकडं बघा.”

घरी पोचलो. वैशाली दारातच चपला काढून, मामांनी दिलेली पर्स मांडीवर घेऊन ओट्यावर बसली आणि तिनं हाक मारली. रुस्तम आतून भिंतीला अंग घासत, वाट चाचपत आला. तिच्यापासून थोडा दूर थांबला. नाक वर केलं. मग एकदम शेपटी हलवत पुढे झाला आणि तिच्या कुशीत, पर्सपाशी, तोंड घालून उभा राहिला. वैशालीनं त्याला दोन्ही हातांनी कवटाळलं. “ओळखलं यानं मला, बाबा,” ती म्हणाली.

“ओळखणारच. वास आला त्याला तुझा,” मामा म्हणाले आणि तिच्यासाठी पाणी आणतो म्हणून आत गेले. पाण्याचा तांब्या मामींनी आधीच आणून तिच्याजवळ ठेवला होता.